चौ एन-लाय यांच्यावरील व्याख्यानाची तयारी कशी करावी

चौ एन-लाय यांच्यावर तास-दीड तासाचे व्याख्यान द्यायचे ठरले की आपल्याकडचा वक्ता सहसा १९६२ च्या भारत-चीन युद्धापासून सुरुवात करतो. नागपुरात तर हे अधिकच स्वाभाविक आहे. कामठीची छावणी शहराला लागून आहे, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी चीनच्या आक्रमणानंतर झालेल्या संरक्षणविस्तारातच उभी राहिली, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्या युद्धाच्या आठवणी ऐकलेली माणसे श्रोत्यांत हमखास असतात. तरीही माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की व्याख्यान तिथून सुरू करू नये. जो माणूस १ ऑक्टोबर १९४९ पासून ८ जानेवारी १९७६ रोजी मृत्यू येईपर्यंत सलग चीनचा पंतप्रधान होता आणि त्याआधीची पंचवीस वर्षे भूमिगत काम, सैन्य आणि वाटाघाटी यांत घालवून आला होता, तो महिनाभराच्या युद्धातून समजत नाही. उलट त्या युद्धातली त्याची भूमिकाच त्याच्या आधीच्या आयुष्यातून उलगडते. धरमपेठ, धंतोली किंवा महालातल्या एखाद्या अभ्यासमंडळात बोलणारे वक्ते आणि विद्यापीठात इतिहासाचा निबंध लिहिणारे विद्यार्थी या दोघांनाही उपयोगी पडेल अशी पद्धत पुढे मांडली आहे.

तयारीची सुरुवात वाचनाने करू नका, एका प्रश्नाने करा. चौ यांच्या आयुष्यातल्या प्रत्येक निर्णयापुढे उभे राहून विचारायचे की त्या दिवशी त्यांच्या हातात प्रत्यक्षात किती सत्ता होती आणि त्यांच्या वर कोण होते. पक्षाचे सर्वोच्च नेतेपद अधिकृतपणे त्यांच्याकडे कधीच आले नाही, पण सर्वोच्च वर्तुळातून ते कधी बाहेरही फेकले गेले नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य झाले, हाच व्याख्यानाचा कणा असावा. या प्रश्नाशिवाय लिहिलेले चरित्र एक तर सुसंस्कृत मुत्सद्द्याची आरती होते, नाही तर कपटी शेजाऱ्याचे आरोपपत्र.

त्यासाठी एक आडवी वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, गाव, पद आणि वर कोण. वाचताना मिळणारी प्रत्येक ठळक घटना या चार रकान्यांत बसवायची, आणि चौथा रकाना रिकामा राहिला तर ती घटना अजून आपल्याला कळलेली नाही असे समजून पुन्हा शोधायचे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे विवेचन याच वहीतून निघते. नावांची एक छोटी यादीही शेवटच्या पानावर करून ठेवावी, कारण जुन्या मराठी मजकुरात चाऊ एन लाय, अलीकडच्या मजकुरात झोऊ एन्लाय अशी रूपे येतात; माओ, डेंग शियाओपिंग, लिऊ शाओची यांचेही तसेच. व्याख्यानात एकच रूप शेवटपर्यंत ठेवा.

बालपणावर पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. ५ मार्च १८९८ रोजी जिआंगसू प्रांतातल्या हुआइआन गावी जन्म, सरकारी कचेऱ्यांत लेखनिकी आणि सल्लागारी करणारे मूळचे शाओशिंगचे घराणे, लहानपणीच मरणासन्न काकांना दत्तक जाणे, वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत जन्मदात्री आणि दत्तक आई अशा दोघींचे मृत्यू, मग दुसऱ्या एका काकांकडे मांचुरियात आणि पुढे तियानजिनच्या नानकाई शाळेत शिक्षण, एवढे पुरे आहे. या पोरकेपणातून त्यांचा पुढचा संयम आला, असे ठामपणे सांगणारी चरित्रे भेटतील. त्याला पुरावा नसतो, म्हणून तो मोह टाळावा. १९१७ ते १९१९ ते जपानमध्ये होते आणि तिथल्या प्रवेशपरीक्षांत त्यांना यश आले नाही. १९१९ च्या मे चळवळीत ते तियानजिनला परतले होते, तिथेच डेंग यिंगचाओ यांची ओळख झाली, १९२० मध्ये काही महिने तुरुंगवास घडला आणि वर्षअखेरीस ते फ्रान्सला पोचले. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ते कम्युनिस्ट गटात दाखल झाले. डेंग शियाओपिंग तिथल्याच चिनी तरुणांत होते आणि गटाच्या पत्रकाच्या प्रती सायक्लोस्टाइलवर काढत असत. अर्ध्या शतकानंतर कर्करोगाने ग्रासलेल्या चौ यांनी ज्याच्यावर कारभार सोपवला तो हाच तरुण, म्हणून ही नोंद वहीत ठळक करून ठेवा.

खरा वेळ १९२४ ते १९३५ या काळाला द्यायचा. मराठीत या अकरा वर्षांबद्दल फार कमी बोलले जाते, आणि नंतरचे चौ मात्र इथेच घडले. १९२४ मध्ये ते ग्वांगझौला परतले आणि व्हाम्पोआ सैनिकी अकादमीच्या राजकीय विभागाचे प्रमुख झाले. त्या अकादमीचे प्रमुख होते राष्ट्रवादी पक्षाचे (कुओमिंतांगचे) चँग कै-शेक, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध पुढची वीस-बावीस वर्षे लढायचे त्यांच्याच हाताखाली त्यांनी काम केले होते. १९२५ च्या ऑगस्टमध्ये डेंग यिंगचाओ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मार्च १९२७ मध्ये शांघायच्या कामगारांचा उठाव उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि तीनच आठवड्यांनी, १२ एप्रिलला, चँग यांनी त्याच शहरात कम्युनिस्टांची कत्तल सुरू केली. १ ऑगस्टच्या नानचांग उठावात चौ आघाडीवर होते; चीनचे सैन्य आजही तो दिवस आपला स्थापनादिन म्हणून पाळते.

यानंतरचा एक प्रसंग अनेक वक्ते गाळतात आणि तो गाळू नये असे मला मनापासून वाटते. शांघायमध्ये पक्ष भूमिगत असताना त्याची गुप्त यंत्रणा चौ यांच्या देखरेखीखाली चालत होती. एप्रिल १९३१ मध्ये त्या यंत्रणेतला एक प्रमुख माणूस, गू शुनझांग, वुहानला पकडला गेला आणि फुटला. शत्रूच्याच गुप्तचर खात्यात पेरलेल्या छियान झुआंगफेई यांनी ती बातमी वेळेवर पोचवली म्हणून शांघायचे पुढारी पत्ते बदलून वाचले. त्यानंतर गू यांच्या कुटुंबातल्या माणसांना ठार मारण्यात आले आणि तो आदेश चौ यांच्याकडूनच गेला होता. आपल्या वहीत या तारखेसमोर पद आणि वर कोण हे रकाने नीट भरले तर दिसते की या निर्णयात त्यांच्यावर कोणाची सक्ती होती असे म्हणता येत नाही. पुढे जिनिव्हा (१९५४) आणि बांडुंग (१९५५) इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदांत ज्यांच्या सौजन्याची सर्वांनी वाहवा केली, ते हेच गृहस्थ होते. श्रोत्यांना धक्का बसेल, पण तो व्याख्यानाच्या पहिल्या अर्ध्या तासातच बसू द्यावा.

आता निंगदू आणि झुनयी ही दोन नावे एकाखाली एक लिहा. ऑक्टोबर १९३२ च्या निंगदू बैठकीत माओ त्से-तुंग यांच्या हातून सैन्यातला अधिकार गेला आणि आघाडीच्या सैन्याचे राजकीय प्रमुखपद चौ यांच्याकडे आले, म्हणजे त्या दिवशी चौ वर होते आणि माओ खाली. दोन वर्षांनी जिआंगशीचा तळ सोडून कम्युनिस्ट सैन्याची लाँग मार्च ही हजारो मैलांची माघार सुरू झाली तेव्हा निर्णय घेणारे त्रिकूट होते पक्षाचे तेव्हाचे प्रमुख बो गू, जर्मन सल्लागार ऑटो ब्राउन आणि चौ. जानेवारी १९३५ मध्ये झुनयी इथे पराभवांचा हिशेब मांडला गेला. बो गू यांनी परिस्थितीवर बोट ठेवले. चौ यांनी स्वतःच्या चुका मान्य केल्या आणि माओंची बाजू घेतली. इथे एक बारकावा सांभाळायला हवा. झुनयीला माओ एका रात्रीत सर्वोच्च नेते झाले असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही: पक्षकार्याची धुरा झांग वेन्तियान यांच्याकडे गेली, लष्करी बाबतीत शेवटचा शब्द काही काळ चौ यांचाच राहिला, आणि माओंचे वर्चस्व पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के झाले. चौ मात्र झुनयीनंतर माओंच्या विरोधात उघडपणे कधीच उभे राहिले नाहीत. एकेकाळी आपण वरिष्ठ होतो ही गोष्ट त्यांच्यासाठी पुढे आयुष्यभर अडचणीचीच ठरली, असे माझे मत आहे.

डिसेंबर १९३६ चा शीआनचा प्रसंग सांगताना लांबण लावण्याचे कारण नाही. झांग श्युएलियांग आणि यांग हुचेंग या चँग यांच्याच बाजूच्या सेनानींनी १२ तारखेला चँग कै-शेक यांना कैद केले, १७ तारखेला चौ विमानाने तिथे पोचले, २५ तारखेला चँग सुटले, आणि जपानविरुद्ध संयुक्त आघाडीची वाट मोकळी झाली. त्यापुढे वुहान आणि चोंगचिंग इथे पक्षाचे प्रतिनिधी म्हणून ते राहिले. नागपूरच्या श्रोत्यांसाठी इथे आपल्या घरची एक गोष्ट सांगता येते. चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती जनरल झू दे यांनी पंडित नेहरूंना केलेल्या विनंतीवरून काँग्रेसने १९३८ मध्ये जे पाच डॉक्टर चीनला पाठवले, त्यांतले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक असतात. त्याच पथकातले डॉ. मो. रा. चोळकर नागपूरचे होते. या नावाचा उल्लेख झाला की सभागृहाचे लक्ष एकदम जवळ येते, आणि १९६२ पूर्वीही या दोन देशांत काही घडले होते याची जाणीव होते.

भारताच्या भागासाठी मतांवर विसंबून न राहता मूळ पत्रव्यवहार वाचावा. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दोन्ही सरकारांमधली पत्रे आणि निवेदने श्वेतपत्रिकांच्या रूपाने प्रसिद्ध केलेली आहेत, ती इंटरनेटवर मिळतात, आणि इंग्रजी सरकारी धाटणीचे असले तरी विद्यार्थ्याला झेपण्यासारखे आहे. वाचनाचा क्रम असा ठेवावा. आधी २९ एप्रिल १९५४ चा तिबेटविषयीचा करार पाहा. पंचशील तत्त्वे याच कराराच्या प्रस्तावनेत आहेत, आणि त्यावर सह्या नेहरू व चौ यांच्या नसून राजदूत एन. राघवन आणि उपपरराष्ट्रमंत्री झांग हानफू यांच्या आहेत. नेहरू-चौ यांनी पंचशीलावर सह्या केल्या हे वाक्य इतक्या पुस्तकांत आहे की वक्त्याने ते तपासल्याशिवाय उच्चारू नये. करार आठ वर्षांचा होता आणि जून १९६२ मध्ये त्याची मुदत संपली, ही दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट.

मग १४ डिसेंबर १९५८ चे नेहरूंचे पत्र आणि त्याला चौ यांनी २३ जानेवारी १९५९ रोजी दिलेले उत्तर समोरासमोर ठेवा. भारताचा मोठा प्रदेश आपल्या हद्दीत दाखवणारे चिनी नकाशे नेहरूंनी पुढे केले होते; १९५४ मध्ये चौ यांनी ते जुन्या नकाशांच्या नकला असल्याचे सांगितल्याची आठवणही त्यांनी दिली होती. उत्तरात चौ म्हणतात की दोन देशांमधली सीमा औपचारिकपणे कधी ठरलेलीच नाही. मॅकमहोन रेषा, म्हणजे पूर्वेकडची भारत-तिबेट सीमारेषा, ब्रिटिशांच्या आक्रमक धोरणातून आली, तरी तिच्याबाबत काहीशी वास्तववादी भूमिका घेण्याची गरज चीनला वाटते. या एका पत्रात दार उघडे ठेवणे आणि दावा मांडणे ही दोन्ही कामे झालेली आहेत. ते पत्र दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि कुठे वचन दिले आहे व कुठे फक्त सूर मवाळ आहे हे वेगळे करा. त्याच जानेवारीत नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि सहकारी संयुक्त शेतीचा ठराव तिथेच झाला. त्यापूर्वी १९५६ मध्ये आर. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालचे शिष्टमंडळ चीनच्या शेती सहकारी संस्था पाहून आले होते. एकीकडे चीनकडून शिकण्याची भाषा आणि दुसरीकडे हे पत्र, असा तो महिना आहे.

त्यापुढे ७ नोव्हेंबर १९५९ आणि २४ ऑक्टोबर १९६२ ही पत्रे एकत्र वाचावीत. पहिल्यात पूर्वेला मॅकमहोन रेषेपासून आणि पश्चिमेला प्रत्यक्ष ताब्याच्या रेषेपासून दोन्ही बाजूंनी वीस किलोमीटर मागे हटण्याचा प्रस्ताव आहे. दुसरे पत्र हल्ल्यानंतर चार दिवसांनी लिहिलेले आहे, आणि त्यातही आधार १९५९ च्या त्याच रेषेचा घेतलेला आहे. प्रस्ताव वरकरणी तोच दिसला तरी मधल्या काळात सैन्य पुढे आले होते, आणि ती रेषा नक्की कुठून जाते यावरच तर वाद होता. हे फळ्यावर रेघ ओढून दाखवल्याशिवाय श्रोत्यांच्या लक्षात येत नाही. अक्साई चीन आणि मॅकमहोन रेषा दोन्ही दिसतील असा मोठा नकाशा म्हणूनच आवश्यक आहे.

मधल्या एप्रिल १९६० च्या दिल्लीभेटीसाठी जुनी वर्तमानपत्रे पाहावीत. १९ ते २६ एप्रिल असा तो दौरा होता, २५ तारखेच्या रात्री चौ यांनी लांबलचक पत्रकार परिषद घेतली आणि सहा मुद्दे मांडले. हाती फक्त अधिकाऱ्यांनी कागदपत्रे तपासण्याचा निर्णय लागला. ते दिल्लीहून निघाले आणि पाचच दिवसांनी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या आठवड्याचे ‘तरुण भारत’ आणि ‘हितवाद’ यांचे अंक ज्या ग्रंथालयात जपलेले असतील तिथे जाऊन चाळा. विदर्भाचे काय होणार या प्रश्नाने भारलेल्या शहरात सीमावादाला किती जागा मिळाली, हे प्रत्येकाने स्वतः मोजण्यासारखे आहे. जुने कागद हाताळताना मोबाइलवर फोटो काढण्याआधी ग्रंथपालांची परवानगी घ्यावी आणि प्रत्येक फोटोच्या नावात अंकाची तारीख टाकावी.

१९५८ हे वर्ष या सीमावादाआड झाकले जाते. त्या जानेवारीत नाननिंगच्या बैठकीत माओंनी चौ यांच्यावर कडक टीका केली, कारण १९५६ मध्ये त्यांनी विकासाच्या अविचारी घाईला आवर घातला होता. मे महिन्यात चौ यांनी पक्षापुढे आत्मपरीक्षण वाचले, जूनमध्ये पंतप्रधानपद सोडण्याचा विषय काढला, आणि त्यांना त्याच पदावर राहायला सांगण्यात आले. यानंतर ‘मोठी झेप’ ही शेती-उद्योगाचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची माओंची मोहीम आली आणि मग दुष्काळ, ज्यात मेलेल्यांचे अंदाज दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. धोका आधी ओळखणारा माणूस नंतर गप्प बसला, हे वाक्य व्याख्यानात स्पष्टपणे यायला हवे. त्यांनी राजीनामा रेटला असता तर काय झाले असते, हा तर्क मात्र करू नये.

सांस्कृतिक क्रांतीसाठी, म्हणजे माओंनी १९६६ मध्ये पक्षातल्याच विरोधकांवर सोडलेल्या मोहिमेसाठी, वहीत दोन वेगळी पाने घ्या. एका पानावर त्यांनी वाचवलेले लिहा: ऑगस्ट १९६६ मधली संरक्षण द्यावयाच्या व्यक्तींची यादी, जिच्यात सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांचे नाव होते, आणि माओंच्या तरुण अनुयायांच्या रेड गार्ड्स टोळ्यांपासून राखलेला पेकिंगचा जुना राजवाडा. दुसऱ्या पानावर त्यांनी मान्य केलेले लिहा: राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांची ऑक्टोबर १९६८ मधली हकालपट्टी, ज्यानंतर वर्षभराने ते कैफेंगमध्ये उपचाराविना मरण पावले, आणि चौ दांपत्याने मुलीसारखी वाढवलेल्या सुन वेईशी यांचा ऑक्टोबर १९६८ मध्येच तुरुंगात झालेला मृत्यू. दोन्ही पाने सलग वाचून दाखवावीत, मध्ये भाष्य घालू नये. पदावर राहिले म्हणून पहिले पान लिहिले गेले आणि पदावर राहण्यासाठी दुसरे, असे मला वाटते. तसे वाटते एवढेच सांगून थांबावे.

किसिंजर यांची जुलै १९७१ ची गुप्त भेट आणि फेब्रुवारी १९७२ मधला निक्सन यांचा दौरा श्रोत्यांना माहीत असतो, तिथे रेंगाळू नये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान झाले, १९७३ अखेर पक्षाच्या बैठकांत पुन्हा त्यांच्यावर टीका झाली, जून १९७४ पासून ते रुग्णालयातूनच काम पाहत होते, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथून येऊन त्यांनी शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान-तंत्रज्ञान या चार आधुनिकीकरणांचा कार्यक्रम चीनच्या संसदेपुढे (राष्ट्रीय लोक काँग्रेसपुढे) वाचला. पुढच्या चीनचा आराखडा समजून घ्यायचा तर निक्सन यांच्या हस्तांदोलनापेक्षा हे भाषण महत्त्वाचे आहे.

अवतरणे वापरताना विशेष जपावे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या परिणामांबद्दल विचारले असता, इतक्यात काही सांगता येणार नाही, असे चौ म्हणाल्याची कथा जगभर फिरते. १९७२ च्या त्या दौऱ्यात दुभाषी असलेले अमेरिकी मुत्सद्दी चास फ्रीमन यांनी २०११ मध्ये खुलासा केला की बोलणे १९६८ मधल्या पॅरिसच्या आंदोलनाविषयी चालले होते. शेकडो वर्षांचा विचार करणारा पौर्वात्य ऋषी ही प्रतिमा या गैरसमजावर उभी आहे. ज्या वाक्याची तारीख, जागा आणि ऐकणारा माणूस वहीत भरता येत नाही, ते व्याख्यानातून काढून टाका, कितीही टाळी घेणारे असले तरी.

वेळेची वाटणी साधारण अशी करावी: पहिला अर्धा तास १९३५ पर्यंत, दुसरा भारतासाठी, शेवटचा १९५८ नंतरच्या अंतर्गत घडामोडींसाठी, आणि वर पंधरा-वीस मिनिटे प्रश्नोत्तरांना. निवेदन मृत्यूपाशी थांबवू नका. ११ जानेवारी १९७६ रोजी अंत्ययात्रा पाहायला पेकिंगच्या थंडीत लाखो लोक रस्त्यावर उभे राहिले, माओ अंत्यविधीला आले नाहीत, शोकसभेत भाषण डेंग यांनी वाचले. आणि ५ एप्रिलला तियानआनमेन चौकात चौ यांच्या स्मृतीसाठी वाहिलेली पुष्पचक्रे हटवल्यावर लोकक्षोभ उसळला, ज्याचे खापर फोडून डेंग यांना पुन्हा पदच्युत केले गेले. एवढे सांगितल्यावरच ते चरित्र पुरे होते.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न बहुधा एकच येईल: चौ यांनी नेहरूंना फसवले का? उत्तरादाखल २३ जानेवारी १९५९ च्या पत्रातला सीमेविषयीचा उतारा मराठीत वाचून दाखवावा आणि त्याच्या छायाप्रती आधीच श्रोत्यांत वाटून ठेवाव्यात. मागच्या रांगेतल्यांनाही वाचता यावे म्हणून टाइप मोठा ठेवावा.